इलेक्ट्रॉनिक बँकव्यवहारांतील फसवणूक आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

वाशिम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात आसेगाव हे गाव आहे. सोयाबीन, तूर आणि कपाशी पिकविणाऱ्या या मुलखात दोन पिढ्यांपूर्वी पैसा हाती येई तो वर्षातून एकदोन वेळा, आणि तोही रोख. आता विकलेल्या मालाची रक्कम बहुधा खात्यावर जमा होते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांनी खात्यातच येतात, आणि २०२४ साली सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेमुळे घरातील स्त्रीचे निजलेले खातेही जागे झाले. बँकेत खाते ठेवावे की न ठेवावे, हा निर्णय आता शेतकऱ्याच्या हाती उरलेला नाही. प्रस्तुत प्रश्नाचा विचार करताना ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. ज्याने धोका आपखुशीने पत्करला त्याचा न्याय एक, आणि ज्याच्यावर तो व्यवस्थेने आणून टाकला त्याचा न्याय निराळा असावयास हवा.

समजा, आसेगावच्या एखाद्या शेतकऱ्यास सायंकाळी दूरध्वनी येतो. बोलणारा स्वतःस बँकेचा अधिकारी म्हणवितो, खाते आजच्या आज बंद पडेल असे सांगतो, आणि एक ॲप फोनमध्ये उतरवून घ्यावयास लावतो. पुढील दहा मिनिटांत भ्रमणध्वनीवर आलेला सहा अंकी ओटीपी त्याच्या मुखातून वदविला जातो आणि सोयाबीनचे पैसे निघून जातात. दुसऱ्या दिवशी शाखेत त्याला उत्तर मिळते, ‘तुम्हीच आकडा सांगितला, बँक काय करणार?’ हे उत्तर तर्कशुद्ध वाटते. ते कितपत टिकते, हे पाहणे हाच येथे हेतू आहे.

धनादेशाच्या काळात हा प्रश्न पुष्कळसा सुटलेला होता. खोट्या सहीच्या धनादेशावर बँकेने पैसे दिले, तर ते बँकेने स्वतःचे दिले असे कायदा मानीत असे. कारण खातेदाराची आज्ञाच तेथे नसते. एका कंपनीच्या हिशेबनिसाने १९५७ ते १९६१ या काळात ४२ धनादेशांवर खोट्या सह्या केल्या. कंपनीने आपले हिशेब वेळेवर तपासले असते तर हे थांबले असते, असा बचाव कॅनरा बँकेने केला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. निव्वळ गाफीलपणाने ग्राहक आपला हक्क गमावीत नाही, हा त्या निर्णयाचा आशय होय.

सहीची जागा गुप्त अंकाने घेतली तेव्हा हे तत्त्व डळमळले. सही खोटी आहे हे अक्षर पाहून सिद्ध करता येते. अंक मात्र कोणीही दाबला तरी सारखाच दिसतो. न्यूयॉर्क येथे १९८० साली सिटीबँकेच्या एका खातेदार स्त्रीने ‘यंत्रातून पैसे मी काढले नाहीत’ असे सांगितले. बँकेने संगणकाच्या नोंदी पुढे केल्या. न्यायालयाने यंत्रापेक्षा माणसाच्या साक्षीवर विश्वास ठेवला. त्यापूर्वीच, १९७८ साली, अमेरिकेत अशा व्यवहारांतील ग्राहकाचे दायित्व मर्यादित करणारा कायदाही झाला होता. इंग्लंडमध्ये मात्र बँका दीर्घकाळ ‘आमची यंत्रे चुकत नाहीत’ असेच म्हणत राहिल्या, आणि सिद्ध करण्याचे ओझे व्यवहारतः ग्राहकाच्या माथी राहिले.

या दोन प्रथांची तुलना केंब्रिज येथील संशोधक रॉस अँडरसन यांनी १९९३ पासून मांडली. ती या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. नुकसान ग्राहकावर ढकलता येत होते, तेथे बँकांचे कर्मचारी तक्रारींकडे काणाडोळा करू लागले आणि फसवणूक वाढली. उलट नुकसान बँकेस सोसावे लागे, तेथे सुरक्षिततेच्या उपायांत डोळसपणा आला. सुरक्षितता ही केवळ कुलपाच्या बळकटीवर ठरत नाही. चोरी झाल्यास तोटा कोणाचा, यावर कुलूप किती बळकट बसविले जाईल हे ठरते. गिडो कॅलब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या खर्चासंबंधी हाच विचार कायद्याच्या भाषेत सांगितला होता : जो सर्वांत कमी खर्चात अपघात टाळू शकतो, त्याच्यावर भार ठेवावा.

भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी, जे परिपत्रक काढले, त्यात या विचाराची छाया दिसते. दोष बँकेचा असेल तर ग्राहकाचे दायित्व शून्य ठरविण्यात आले. दोष दोघांचाही नसून मधल्याच कोठल्या दुव्यात असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कार्यदिवसांत कळविणाऱ्या ग्राहकासही काही सोसावे लागू नये. चार ते सात दिवस लागल्यास प्राथमिक बचत खात्यावर ५,००० आणि सामान्य बचत खात्यावर १०,००० रुपयांपर्यंतच भार यावा, असे ठरले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये याच परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदास सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये ग्राहकास परत करावयास लावले. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय स्टेट बँकेच्या आसाममधील एका ग्राहकाचे ९४,००० हून अधिक रुपये परत करण्याचा आदेशही सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला.

परंतु ही सारी इमारत ‘अनधिकृत व्यवहार’ या एका शब्दावर उभी आहे. ग्राहकाने स्वतः गुप्त अंक दिला असेल, तर त्या परिपत्रकान्वये बँकेस कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच. आसेगावच्या कल्पित शेतकऱ्याने अंक सांगितला. दुसरा एखादा तर यूपीआयवर स्वहस्ते पिन दाबतो. तेथे व्यवहार बाह्यतः पूर्णपणे ‘अधिकृत’ असतो. फसवणूक करणाऱ्यांनी आपला सारा उद्योग बँकेच्या संगणकाकडून माणसाच्या मनाकडे वळविला आहे, तो उगाच नव्हे. संगणक फोडणे अवघड, आणि माणूस फसला की तोटाही त्याचाच धरला जातो. १८७२ च्या करार कायद्याने कपटाने मिळविलेली संमती दूषित मानली आहे खरी; पण तो दोष कपट करणाऱ्याविरुद्ध उपयोगी पडतो, आणि तो तर परागंदा झालेला असतो.

इंग्लंडमध्ये हा पेच २०२३ साली निर्णायक रीतीने पुढे आला. भामट्यांच्या थापेस भुलून एका दांपत्याने सुमारे सात लाख पौंड परदेशी पाठविले होते. ग्राहकाने स्पष्ट आज्ञा दिली असता तिच्या शहाणपणाची चौकशी करणे हे बँकेचे कर्तव्य नव्हे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने बार्कलेज बँकेच्या बाजूने दिला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष म्हणावा लागेल. मात्र ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथील नियामकाने देशांतर्गत व्यवहारांपुरती निराळी वाट काढली : अशा फसवणुकीतील नुकसान ८५,००० पौंडांपर्यंत बँकांनीच भरून द्यावे, आणि त्याचा भार पैसे पाठविणारी व स्वीकारणारी अशा दोन्ही बँकांनी निम्मा निम्मा उचलावा.

यातील ‘स्वीकारणारी बँक’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. चोरलेला पैसा हवेत विरत नाही. तो कोणाच्या तरी खात्यात उतरतो. हे खाते बहुधा थोड्या पैशांच्या लोभाने भाड्याने दिलेले असते. ते कोणी उघडले, कोणती कागदपत्रे पाहून उघडले, महिनोन्‌महिने रिकाम्या असलेल्या खात्यात एकाएकी लाखाची उलाढाल झाली तेव्हा कोणाची भुवई वर गेली नाही, या प्रश्नांची उत्तरे आसेगावच्या शेतकऱ्यापाशी नाहीत. ती दूरच्या कोणत्या तरी शाखेपाशी आहेत. आपल्याकडील चर्चा ग्राहकाची चूक आणि त्याच्या बँकेची चूक एवढ्यातच फिरते. तिसरा पक्ष नामानिराळा राहतो. ज्या सिमकार्डावरून तो दूरध्वनी आला ते विकणाऱ्याचाही उल्लेख क्वचितच होतो.

ग्राहकाचा काहीच संबंध नसताना बँकच लुटली जाते, तेव्हा असला वाद उपस्थित होत नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून रकमा काढण्यात आल्या, हाँगकाँगला सुमारे १४ कोटी रुपये वळविण्यात आले, आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. तो तोटा बँकेचा ठरला, खातेदारांचा नव्हे. तेथे फसले ते यंत्र. आसेगावात फसतो तो माणूस. चोर मात्र दोन्हीकडे व्यवस्थेच्याच एका दुबळ्या सांध्यातून शिरतो.

‘संमती दिसली की चौकशी संपली’ हे तत्त्व महाराष्ट्रास पूर्वी एकदा नडले आहे. १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या रोख्यांवर त्यांचेच अंगठे वा नांगराच्या निशाण्या होत्या. न्यायालये त्या पाहून हुकूमनामे देत असत. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झाला तो याच कारणाने. त्याने न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा मूळपासूनचा इतिहास तपासावयास लावले, आणि दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची पद्धत घातली. नुसत्या निशाणीस अर्थ नाही, ती कोणत्या परिस्थितीत उमटली हे पाहिले पाहिजे, असे कायद्याने मान्य केले. सहा अंकी ओटीपी ही आजची निशाणीच होय. अंगठाही गेलेला नाही. आधारच्या आधारे ग्राहक सेवा केंद्रात पैसे काढताना तोच लागतो. काही राज्यांत तर नोंदणीकृत दस्तांवरील ठशांवरून सिलिकॉनचे खोटे अंगठे करून खाती रिकामी केल्याची प्रकरणे घडली आहेत. तेव्हा कोठे, फेब्रुवारी २०२३ मध्ये, आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे पारखणारी नवी व्यवस्था लागू केली.

उपाय व्यवस्था चालविणाऱ्याच्या हाती असतो, याचे याहून ठळक उदाहरण यूपीआयमध्ये सापडते. ‘पैसे मिळविण्यासाठी पिन दाबा’ असे सांगून मागणी-विनंती पाठवावयाची आणि भोळ्या माणसाकडून उलट पैसे उकळावयाचे, ही युक्ती वर्षानुवर्षे चालली. ‘पैसे घेण्यास पिन लागत नाही’ अशा जाहिराती बँकांनी पुष्कळ केल्या. अखेर राष्ट्रीय देयक निगमाने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीव्यक्तींमधील मागणी-विनंतीची सोयच काढून घेतली. ग्राहक एका रात्रीत शहाणा झाला नाही. दार बंद झाले. ते दार कोणाच्या हाती होते, हे त्यावरून आपोआप स्पष्ट होते. ते इतकी वर्षे उघडे असताना झालेला तोटा मात्र ज्याचा त्याने सोसला.

ग्राहकास काहीच कर्तव्य नाही असा याचा अर्थ नव्हे. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केली, तर पैसा पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी तो गोठविता येण्याची शक्यता असते. परंतु सूचनेचा संदेश इंग्रजीत येतो, तो वाचून दाखविणारा मुलगा शिक्षणासाठी अकोल्यास असतो, आणि मध्ये रविवार पडतो. अशा ठिकाणी तीन कार्यदिवसांची मुदत मुंबईच्या खातेदारास जितकी पुरते तितकी आसेगावच्या खातेदारास पुरत नाही. तक्रार कोणत्या दिवशी झाली एवढेच न पाहता सूचना कोणत्या भाषेत दिली, आणि संशयास्पद रक्कम बँकेने काही तास रोखून का धरली नाही, हेही बँकेने सिद्ध करावयाच्या गोष्टींत घालणे अशक्य नाही.