मावळचे गुलाब आणि नऊ जोड हातमोजे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गुलाब हा शब्द मुळात फारसी. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. आम्हा कवींनी त्याला इतके राबवले आहे की बिचारा दमला असेल. पण गुलाबासाठी राबणाऱ्या माणसांवर मी एक ओळही लिहिली नव्हती, आणि ती माणसे तर रोज माझ्या दारावरून जातात.

मी भाज्याला राहतो. वर डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी, खाली मळवली स्टेशन. पवन मावळात आणि तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसेस. इथली हवा गुलाबाला मानवते. १४ फेब्रुवारीसाठी मावळचा लाल गुलाब थेट युरोपात जातो. त्याचे गणित डिसेंबरातच सुरू होते. तेव्हा खुडणी केली की जानेवारीच्या अखेरीस कळ्या तोडणीला येतात. मग लांबीप्रमाणे प्रतवारी, वीस-वीस फुलांच्या जुड्या, शीतगृह, विमान. १५ तारखेला त्या फुलाला कोण विचारतो? ही सगळी घाई शेवटी टेम्पोतून उतरणाऱ्या बाईच्या अंगावर येते.

आमच्या शेजारच्या वहिनी अशाच एका ठिकाणी कामाला होत्या. एकदा हात दाखवायला आल्या. काट्यांचे ओरखडे नेहमीचेच. पण मनगटापर्यंत पुरळ उठले होते. ‘‘भाई, सकाळी फवारलं आन् दुपारी आम्हाला आत घातलं,’’ त्या म्हणाल्या. औषध कोणते, ठाऊक नाही. डबा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

त्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी. मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली यवतमाळात उघड्या शिवारात कापसावर फवारणी करताना माणसे दगावली. पॉलिहाऊस तर बंदिस्त, तिथे वाफ कोंडून राहते. फवारणीनंतर किती वेळ आत जायचे नाही, हे ठरलेले असावे लागते आणि मजुराला वाचता यावे लागते.

परदेशी गिऱ्हाईक तपासणी मागतो, प्रमाणपत्र मागतो. पण नुसत्या कागदाची किंमत ढाक्याजवळच्या राणा प्लाझाने दाखवली. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे दिसले. खालची बँक बंद झाली, पण दुसऱ्या दिवशी शिलाई कामगारांना मात्र आत बोलावले. अकराशेहून अधिक माणसे मेली. तिथल्या काही कारखान्यांची तपासणी आधी झालेली होती! त्यानंतर झालेला करार वेगळा होता : मोठ्या कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक, अहवाल उघड, आणि धोका दिसला तर काम नाकारण्याचा कामगाराला हक्क. केनियातल्या काही गुलाबमळ्यांत ‘फेअरट्रेड’ पद्धतीने खरेदीदार किमतीवर जादा रक्कम देतो आणि ती कशावर खर्चायची हे मजुरांचीच समिती ठरवते. मला ही रीत अधिक पटते.

आता कोणी म्हणेल, गोऱ्यांना आपल्या मजुरांचा एवढा कळवळा कशाला? शंका जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्या काळात लँकेशायरचे गिरणीमालकही इथल्या कामगार कायद्यांसाठी आग्रही होते. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जाचत होते. हेतू त्यांचा त्यांच्यापाशी. तास कमी झाले ते आपल्या माणसांचे.

वहिनी आणि आणखी आठजणी मिळून मालकाकडे गेल्या. मालक म्हणजे कोणी बडा साहेब नव्हे. कर्ज काढून पॉलिहाऊस उभारलेला शेतकरी, त्याच्या फुलाचा भाव दुसराच कोणी ठरवणार. आधी तो चिडला. मग दारावर पाटी टांगली आणि फवारणीची वेळ खडूने लिहू लागला. आठवड्याने हातमोजेही आले, पण पुरुषांच्या मापाचे. वहिनींनी ते घरी आणले आणि रात्री शिलाई मशीनवर बसून नऊच्या नऊ जोड आवळून दिले.