अनामिकत्व आणि समुदाय : इंटरनेटच्या अदृश्य भागाचा विचार

१. संज्ञाविवेक

इंटरनेटच्या अदृश्य भागाविषयीच्या चर्चेत दोन भिन्न कल्पनांची सरमिसळ वारंवार होते. म्हणून प्रथम त्यांची फोड करणे अवश्य आहे. शोधयंत्रांच्या सूचीत जे समाविष्ट होत नाही, ते सर्व ‘डीप वेब’ या संज्ञेखाली येते. बँकेतील खात्याचे पान, ग्रंथालयाच्या सभासदांपुरती खुली असलेली नियतकालिके, खासगी ईमेलची पेटी ही त्याची नित्याची उदाहरणे होत. येथे दाराला कुलूप असते एवढेच. दारापर्यंत कोण आले हे लपत नाही. ‘डार्क वेब’ ही संज्ञा याहून पुष्कळच संकुचित आहे. विशिष्ट आज्ञावलीवाचून जेथे पोहोचताच येत नाही आणि जेथे येणाऱ्याचा व स्थळाचाही ठावठिकाणा झाकलेला असतो, अशा अल्प भागासच ती लावणे युक्त होय. मायकेल बर्गमन यांनी २००१ मध्ये डीप वेबचा विस्तार दृश्य भागाच्या ४०० ते ५५० पट असल्याचा अंदाज मांडला होता. हे प्रमाण पुढे अनेकदा डार्क वेबला लावले गेले, आणि इंटरनेटचा बहुतांश भाग गुन्हेगारांच्या हाती आहे, असा निराधार समज त्यातून दृढ झाला.

२. आशयाची गुप्तता व मार्गाची गुप्तता

कूटलेखनाने संदेशाचा आशय झाकता येतो. परंतु संदेश कोणी कोणास पाठविला, हे त्याने झाकत नाही. पाकीट चिकटविलेले असले तरी त्यावरील पत्ता टपालखात्यास वाचावाच लागतो. डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये या प्रश्नास हात घातला. मध्यस्थ संगणकाने अनेक संदेश साठवावेत, प्रत्येकावरील कूटलेखनाचा एक थर उतरवावा, त्यांचा क्रम बदलावा आणि मग ते एकत्रच पुढे धाडावेत, अशी त्यांची योजना होती. अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेतील डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड व पॉल सिव्हरसन यांनी १९९६ मध्ये हीच दिशा पुढे नेणारी मार्गपद्धती मांडली. थरांवर थर असल्यामुळे तिला कांद्याचे नाव मिळाले. रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन व सिव्हरसन यांनी तिचे जे दुसरे रूप २००४ च्या निबंधात वर्णिले, तेच ‘टॉर’ होय.

टॉरमध्ये संदेश सामान्यतः तीन मध्यस्थ संगणकांतून जातो. प्रेषकाचा संगणक प्रत्येकाशी वेगळी किल्ली ठरवितो आणि संदेशास तीन थर चढवितो. प्रत्येक मध्यस्थ आपल्या वाट्याचा एक थर उतरवितो. पहिल्यास प्रेषक ठाऊक असतो, गंतव्य नव्हे. तिसऱ्यास गंतव्य ठाऊक असते, प्रेषक नव्हे. मधल्यास दोन्ही अज्ञात असतात. व्हीपीएनहून हिचा भेद येथेच आहे. व्हीपीएनमध्ये एकच चालक दोन्ही टोके जाणतो, म्हणून ग्राहकाची अनामिकता त्याच्या मौनावर अवलंबून राहते. एप्रिल २०२२ मध्ये भारताच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने व्हीपीएन सेवादात्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे जतन करण्याचा आदेश दिला, तेव्हा हे मौन किती परस्वाधीन असते याची प्रचीती आली. टॉरमध्ये मात्र संपूर्ण माहिती कोणाही एकाजवळ गोळा होतच नाही.

स्थळही अज्ञात ठेवावयाचे असल्यास दोन्ही पक्ष आपापल्या मार्गाने एका संकेतबिंदूवर भेटतात. अशा स्थळाचा पत्ता ५६ अक्षरांचा असून तो त्याच्या सार्वजनिक किल्लीवरूनच सिद्ध होतो; अर्थात पत्ता हीच ओळखीची खूण ठरते. ‘डॉट ओनियन’ हे नामपद २०१५ मध्ये या कामासाठी अधिकृतपणे राखून ठेवण्यात आले.

३. अनामिकत्वास लागणारी सोबत

नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मलेली ही पद्धती सर्वांस खुली का करण्यात आली? याचे उत्तर तिच्या स्वरूपातच आहे. केवळ नौदलाचेच लोक ती वापरीत असते, तर प्रत्येक वापरणारा नौदलाचा, हे उघड झाले असते. अनामिकत्व हा एकट्या व्यक्तीचा गुण नव्हे. तो समूहाचा गुण आहे. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी बॉम्बची खोटी धमकी टॉरद्वारे पाठविली. टॉरचे कूटलेखन कोणीही भेदले नाही. परंतु त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण वापरीत होते, याची नोंद उपलब्ध होती. त्या नोंदीवरून चौकशी त्याच्यापर्यंत पोहोचली आणि त्याने कबुली दिली. लपण्याचे साधन उत्तम होते. लपण्याजोगी गर्दी नव्हती.

याच कारणाने टॉरच्या रचनाकारांनी वेगाला प्राधान्य दिले. चॉम यांच्या योजनेतील विलंब अधिक संरक्षक असला तरी विलंब सोसणारे थोडे, आणि थोड्यांत अनामिकत्व दुबळे. या निवडीचे मूल्यही द्यावे लागते. संदेश न थांबता पुढे जात असल्यामुळे ज्यास मार्गाची दोन्ही टोके एकाच वेळी न्याहाळता येतात, तो प्रवेशाचा व निर्गमनाचा काळ जुळवून प्रेषकास ओळखू शकतो. ही मर्यादा २००४ च्या निबंधात स्पष्टपणे मान्य केलेली आहे.

४. उपयोग व दुरुपयोग

ही गर्दी एकजिनसी नसते. वार्ताहरांना गुप्तपणे कागदपत्रे पोहोचविण्याची सोय, बीबीसीने २०१९ मध्ये उघडलेली ओनियन आवृत्ती आणि अमली पदार्थांचा ‘सिल्क रोड’ बाजार, ही सर्व एकाच पद्धतीची अपत्ये होत. २०११ मध्ये सुरू झालेला हा बाजार ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद पाडण्यात आला. त्याचा चालक रॉस उलब्रिक्ट यास २०१५ मध्ये जन्मठेप झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्यास क्षमादान मिळाले. तपासातील एक महत्त्वाचा धागा अगदी साधा होता : ज्या टोपणनावाने बाजाराची आरंभीची जाहिरात झाली, त्याच टोपणनावाने पुढे त्याने स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता दिला होता. तात्पर्य, यंत्रणा मार्ग झाकते. माणसाच्या सवयी झाकीत नाही.

५. उपसंहार

सज्जनांसाठी अनामिकत्व राखावे आणि दुर्जनांसाठी तेवढे नाहीसे करावे, ही मागणी स्वाभाविक आहे. तथापि वरील रचनेत तिला जागा नाही. कोणाही एका मध्यस्थ संगणकास प्रेषक व गंतव्य ही दोन्ही ठाऊक नसतात, म्हणून प्रेषकाचा हेतू तपासण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि ज्या क्षणी तो तपासता येईल, त्या क्षणी छळाला भिणाऱ्या वार्ताहराचे संरक्षणही संपेल. म्हणून धोरणाचा विचार करताना यंत्रणा मोडण्याची चर्चा आणि गुन्हा शोधण्याची चर्चा पृथक् ठेवणे इष्ट होय. वरील दोन्ही प्रकरणांत संशयिताचा माग टॉरच्या बाहेर राहिलेल्या खुणांवरून लागला. यंत्रणा मात्र इतरांसाठी शाबूत राहिली.