बाळ येण्याआधी आईचे वजन पाहा

वस्तीत एखादी सून गरोदर राहिली की दोन सल्ले तिला लगेच मिळतात. एक म्हणतो, "आता दोन जिवांचे खा." दुसरा म्हणतो, "जास्त खाऊ नको, बाळ मोठे होईल, मग सिझर करावे लागेल." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण तिची उंची आणि वजन पाहिल्याशिवाय कोणताही सल्ला देणे धोक्याचे आहे. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात.

तो काढायला सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या आणि तिला तिनेच गुणा. किलोतल्या वजनाला त्या संख्येने भागा. समजा उंची १५० सेंटीमीटर, म्हणजे दीड मीटर आहे. दीड गुणिले दीड म्हणजे २.२५. वजन ४० किलो असेल तर बीएमआय १७.८ येतो. त्याच उंचीला वजन ६२ किलो असेल तर तो २७.६ येतो.

१८.५ पेक्षा कमी असेल तर वजन कमी आहे. १८.५ ते २४.९ ठीक. २५ ते २९.९ जास्त आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. भारतीयांना मधुमेह व रक्तदाब कमी वजनावरही गाठतात, म्हणून आपले डॉक्टर २३ च्या पुढेच सावध करतात. महाराष्ट्रात साधारण पाचांतली एक स्त्री फार बारीक आहे आणि जवळपास तितक्याच स्त्रियांचे वजन जास्त आहे. एकाच चाळीत दोन्ही प्रकारच्या बाया सापडतील.

लक्षात ठेवा, हा आकडा गरोदर होण्यापूर्वीच्या वजनावर काढायचा असतो. ते माहीत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतले वजन धरतात. सातव्या महिन्यात काढलेल्या बीएमआयला अर्थ नाही, कारण तेव्हा बाळ, वार, गर्भजल आणि वाढलेले रक्त हे सारे वजनात आलेले असते. म्हणून पाळी चुकताच नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर पहिले वजन लिहून घ्या.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली ठरवलेले प्रमाण अनेक डॉक्टर वापरतात. बारीक स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत १२.५ ते १८ किलो वाढावे. ठीक वजनाच्या स्त्रीचे ११.५ ते १६, जास्त वजनाच्या स्त्रीचे ७ ते ११.५ आणि लठ्ठ स्त्रीचे ५ ते ९ किलो वाढावे.

आई बारीक असेल आणि पोटभर खात नसेल, तर बाळ वेळेआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते. असे बाळ लवकर आजारी पडते. बाळंतपण सोपे व्हावे म्हणून उपाशी राहणे हा बाळावर अन्याय आहे. उलट वजन जास्त असेल तर गरोदरपणात साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. तरीही गरोदरपणात वजन उतरवण्याच्या मागे लागू नका. वडापाव, फरसाण, गोड चहा कमी करा, डॉक्टरांना विचारून रोज चाला आणि साखरेची तपासणी चुकवू नका.

यासाठी महागडी पावडर लागत नाही. भाकरी, डाळ, मोडाची उसळ, पालेभाजी, अंडे, मासळी, शेंगदाणे पुरेसे आहेत. अंगणवाडीतला आहार गरोदर बाईसाठीच आहे, तो घरात वाटून टाकू नका. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

वजन एका आठवड्यात एकदम वाढले, तोंड-हात सुजले, डोके ठणकू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांसाठी. सगळ्यांची ताटे झाल्यावर पातेल्यात उरेल ते सुनेने खायचे, ही रीत अनेक घरांत अजून आहे. ती मोडायला पैसा लागत नाही. आज रात्री तिचे ताट सगळ्यांबरोबर वाढा आणि मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीपासूनच वाढा.