निरोपाची रांग

बंद होणाऱ्या दुकानासमोर जितकी गर्दी होते तितकी एरवी झाली असती, तर ते दुकान बंदच पडलं नसतं. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात पोट्रेरो हिल नावाच्या टेकडीवरच्या वस्तीत हेच चित्र होतं. मारिपोसा स्ट्रीटवरच्या 'अँकर' या ब्रुअरीला, म्हणजे बिअरच्या कारखान्याला, टाळं लागणार ही बातमी आली आणि रस्त्याच्या पलीकडच्या तिच्याच पबसमोर रांगा लागल्या. कुणाला शेवटचा ग्लास हवा होता, कुणाला आठवण म्हणून टी-शर्ट. शहरातल्या दुकानांमधून बाटल्यांचे खोके भराभर संपले.

बिअरचं नाव वाचून घरातल्या आजींनी लगेच आठ्या घालू नयेत. ही गोष्ट पिण्याची कमी आणि एका वस्तीच्या जिव्हाळ्याची जास्त आहे.

अँकर हे नाव १८९६ पासूनचं. त्यानंतर या कारखान्याने जे जे सोसलं, ते एखाद्या मालिकेत दाखवलं तर आपण म्हणू, जरा अतीच झालं. १९०६ च्या भूकंपानंतर शहरात आग पसरली, त्यात तो जळाला. पुन्हा उभा राहिला, तर १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली. १९३३ मध्ये बंदी उठली, काम सुरू झालं आणि वर्षभरातच पुन्हा आग! १९५९ मध्ये तो बंद पडला, १९६० मध्ये दुसऱ्या मालकाने उघडला. म्हणजे या वस्तूला मरायची आणि उठायची सवयच होती म्हणा ना.

तिथली खास बिअर म्हणजे 'स्टीम बिअर'. तिची जन्मकथा गरजेतून आलेली आहे. लागर प्रकारच्या बिअरचं यीस्ट थंडीत काम करतं. जुन्या कॅलिफोर्नियात बर्फ मिळणं कठीण, फ्रिज तर नव्हतेच. मग तिथल्या लोकांनी तेच यीस्ट उबदार हवेत, उथळ आणि उघड्या हौदांत आंबवायला सुरुवात केली. आपल्याकडे विरजणाला हवामान सांभाळावं लागतं, तसाच प्रकार. नावातली 'वाफ' नेमकी कुठून आली याच्या कहाण्या अनेक आहेत, पण चव मात्र या जुगाडाची होती.

१९६५ मध्ये पुन्हा टाळं लागायची वेळ आली. तेव्हा फ्रिट्झ मेटॅग हा २७ वर्षांचा तरुण शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये आवडीने ही बिअर प्यायचा. तिथल्या मालकाने त्याला सांगितलं, कारखाना बंद होतोय, एकदा बघून तरी ये. तो बघायला गेला आणि मोठा हिस्सा विकत घेऊन बसला. धुलाई मशिनवाल्या मेटॅग घराण्यातला तो, त्यामुळे पैशाची ऊब होती. बिअर बनवायचं ज्ञान मात्र नव्हतं. त्याने ते शिकून घेतलं. स्वच्छता आणली, १९७१ मध्ये बाटल्या भरायला सुरुवात केली, १९७९ मध्ये कारखाना पोट्रेरो हिलवर हलवला. मोठ्या कंपन्यांची एकसारखी बिअर सगळीकडे मिळत असताना आपल्या गावची, थोड्या प्रमाणात, निगुतीने बनवलेली बिअरही चालू शकते, हे अमेरिकेतल्या पुढच्या कितीतरी छोट्या ब्रुअऱ्यांनी त्याच्याकडे बघून ओळखलं.

घराघरांत अँकर पोचली ती नाताळात. १९७५ पासून दरवर्षी एक खास 'ख्रिसमस एल' यायची. दर वर्षी कृती नवी आणि लेबलवरचं झाडही नवं. लोक रिकाम्या बाटल्या जपून ठेवायचे. आपल्याकडे दिवाळी अंकाची वाट बघतात ना, साधारण तशी वाट बघितली जायची.

मेटॅगने २०१० मध्ये कारखाना विकला. २०१७ मध्ये तो जपानच्या सप्पोरो कंपनीकडे गेला. २०१९ मध्ये कामगारांनी संघटना बांधली. मग करोना आला, हॉटेलं आणि बार बंद झाले आणि विक्रीला मोठा फटका बसला. २०२१ मध्ये लेबलं बदलली. हातांनी रेखाटलेली जुनी चित्रं जाऊन भडक रंगांची नवी आली, ती जुन्या चाहत्यांना मुळीच रुचली नाहीत. (माझं मत विचाराल तर चाहते बरोबर होते.) जून २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं की कॅलिफोर्नियाबाहेर विक्री थांबवतोय आणि ख्रिसमस एलही नाही. जाणकारांना तेव्हाच पाल चुकचुकली असणार. १२ जुलैला कामगारांना ६० दिवसांची नोटीस मिळाली.

यातली मला सर्वांत भिडलेली गोष्ट रांगेतली नाही, आतली आहे. नोकरी जाणार हे कळल्यावर कामगारांनी नुसता निषेध केला नाही. आपण मिळून हा कारखाना विकत घेतो, सहकारी तत्त्वावर चालवतो, असा प्रस्ताव मांडला. महाराष्ट्रात साखर कारखाने आणि दूध संघ बघत मोठं झालेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, अमेरिकेत मात्र ही धाडसाची कल्पना होती. हंड्या कशा तापवायच्या, हौदातला फेस कधी बरोबर दिसतो, हे ठाऊक असलेली माणसं हीच. पण प्रस्ताव जमून आला नाही. ती पांगली. लोक बाटल्या घेऊन घरी गेले, पण हाताला लागलेलं कसब कुठल्या खोक्यात भरून नेणार?

मे २०२४ च्या अखेरीस या गोष्टीत एक दहीवाला आला. हमदी उलुकाया हा तुर्कस्तानातून आलेला कुर्द माणूस. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला एक बंद पडलेला दह्याचा कारखाना घेऊन त्याने 'चोबानी' हा ब्रँड उभा केला. आता त्याने अँकर विकत घेतली आणि ती पुन्हा सुरू करण्याची इच्छा बोलून दाखवली. बातमी आली त्या दिवशी मारिपोसा स्ट्रीटवरच्या तांब्याच्या हंड्या मात्र थंडच होत्या.