पन्नाशीतही रॅकेट धरता येते

सकाळी कोर्टाबाहेरच्या बाकावर चालून दमलेली मंडळी बसतात आणि जाळीतून आमचा खेळ बघतात. "या की आत," म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं, "आता कसलं टेनिस! लहानपणीच शिकायला हवं होतं." कुणी पुस्ती जोडतं, "आणि तो पडला साहेबांचा खेळ." या दोन समजुतींनी कितीतरी जणांना बाकावरच बसवून ठेवलं आहे.

साहेबांचं आधी बघू. टेनिसचं मूळ इंग्लंडात नाही, फ्रान्समध्ये आहे. १२व्या शतकाच्या सुमारास तिथल्या मठांमध्ये तळहाताने चेंडू मारायचा खेळ रुजला. त्याचं नावच 'ज द पोम', म्हणजे तळव्याचा खेळ. रॅकेट पुष्कळ नंतर आली. इंग्रजांनी हा खेळ भिंतींच्या आतून हिरवळीवर आणला, इतकं श्रेय त्यांचं. मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी १८७४ मध्ये पेटंट घेऊन जाळी, रॅकेट आणि चेंडू पेटीत भरून विकायला काढले. मात्र त्यांना एकट्याला जनक म्हणणं चूक. बर्मिंगहॅमला हॅरी जेम आणि ऑगुरिओ परेरा हे दोघे मित्र त्याआधीच हिरवळीवर खेळत होते. माझ्या मते खरं श्रेय रबराला जातं. जुना चेंडू लोकर, केस, चिंध्या ठासून भरलेला असे. तो फरशीवर उसळायचा, गवतावर मात्र बसून राहायचा. प्रक्रिया केलेल्या रबराचा पोकळ चेंडू आला आणि गवतावर टप्पा पडू लागला.

विंगफिल्ड यांचं कोर्ट तर डमरूच्या आकाराचं होतं, जाळीपाशी अरुंद. १८७७ च्या पहिल्या विम्बल्डनला ते आयताकृती झालं, ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. एकेरीसाठी आजही हेच माप आहे. त्या वर्षी खेळाडू होते २२, सगळे पुरुष. स्त्रियांची स्पर्धा १८८४ मध्ये सुरू झाली. पुढे १९३४ मध्ये मुंबईच्या लीला राव यांनी तिथे सामना जिंकला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

१५, ३०, ४० हे गुण घड्याळाच्या काट्यावरून आले, असं अगदी खात्रीने सांगितलं जातं. हिशेब जुळत नाही. १५, ३०, ४५ अशी मोजणी १५व्या शतकातल्या फ्रेंच लिखाणात दिसते आणि मिनिटकाटा सर्रास दिसू लागला तो लंबकाची घड्याळं आल्यावर, १७व्या शतकाच्या उत्तरार्धात. पुढे ४५ चे ४० झाले, बहुधा उच्चाराच्या सोयीसाठी. पिवळा चेंडूही परंपरेचा नव्हे. रंगीत दूरचित्रवाणीवर नीट दिसावा म्हणून तो १९७२ मध्ये नियमांत आला. विम्बल्डनने पांढरा सोडला तो थेट १९८६ मध्ये.

आता वयाचं. मार्टिना नवरातिलोवा यांनी २००६ मध्ये अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, तेव्हा पन्नाशीला महिनाच उरला होता. रोहन बोपण्णा ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकले. हे मुरलेले खेळाडू, हे खरं. पण युक्रेनचे लिओनिद स्तानिस्लावस्की तिशीच्या आसपास टेनिसकडे वळले आणि २०२१ मध्ये ९७व्या वर्षी ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत उतरले.

कोपनहेगनच्या सुमारे साडेआठ हजार रहिवाशांवर २५ वर्षं नजर ठेवणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठं आयुष्य काढणाऱ्यांपेक्षा टेनिस खेळणाऱ्यांचं आयुर्मान ९.७ वर्षांनी जास्त निघालं, धावणाऱ्यांचं ३.२ वर्षांनी. म्हणून टेनिसनेच आयुष्य वाढतं असं सिद्ध होत नाही, कारण खेळणाऱ्यांची सांपत्तिक स्थिती, सवयी वेगळ्या असू शकतात. पण टेनिसला निदान एक सोबती लागतोच, आणि ही सोबत मला फार मोलाची वाटते.

'टेनिस एल्बो'ची, म्हणजे कोपराच्या दुखण्याची, धास्तीही नावामुळेच जास्त. हे दुखणं होणाऱ्यांतले बहुतेक जण टेनिस खेळतच नाहीत. रंगारी, सुतार, रोज कपडे पिळणारे हात, सगळ्यांना ते होतं.

नवशिक्यांसाठी लाल, नारिंगी, हिरवे असे मंद चेंडू मिळतात. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो. तो टप्पा घेऊन कमरेशी येईपर्यंत पाय रोवून, रॅकेट मागे नेऊन उभं राहायला पुरेसा वेळ मिळतो. दुहेरीत तर अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं. हृदयाचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. धावण्याचे बूट घालू नका, कारण इथे आडवं पळावं लागतं आणि पाय मुरगळतो, टेनिसचेच घ्या. आणि पुढच्या वेळी कुणी "या की आत" म्हणालं, तर बाकावरून उठा.