जुन्या दगडी पौळीची दुरुस्ती

पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या गावी मळ्याभोवती किंवा विहिरीभोवती काळ्या दगडाची जुनी पौळ असते. ती एका जागी ढासळली की मोकाट गुरे रब्बीच्या ज्वारीत शिरतात आणि एका रात्रीत हंगाम हातचा जातो.

अशीच एक पौळ एका शेतकऱ्याने बाहेरून सिमेंटने दरजा भरून घेतली. दोन पावसाळ्यांत भिंतीला पोट आले व दहा हात भिंत आडवी झाली. सल्ला प्रस्तुत लेखकाचाच होता, हे येथे कबूल केले पाहिजे. मातीत किंवा चुन्यात रचलेल्या भिंतीत शिरलेले पाणी दरजांवाटेच बाहेर पडत असते. सिमेंटने ती वाट बुजली म्हणजे आतील माती फुगते व दगडांस बाहेर लोटते.

पौळ हद्दीवर असल्यास प्रथम शेजाऱ्यास बोलावून त्याच्यादेखत जुन्या पायाची रेघ आखावी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे. वीतभर सरकलेली भिंत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर लावते.

पोट आलेला भाग पहारीने उतरवावा, हाताने उपसू नये. दगडांच्या सांदीत फुरसे व विंचू असतात. पाया काळ्या मातीत टेकलेला आढळल्यास मुरूम लागेपर्यंत खणावे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्याच कारणाने ती रचाईसही वापरू नये. गावठाणाची पांढरी माती घ्यावी.

दरजांसाठी मात्र चुना हवा. नांगरटीत वर येणारी चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो व कळीचा चुना मिळतो. विरवताना तो उकळून उडतो, म्हणून डोळे जपावेत आणि मुलांस दूर ठेवावे. विरलेला चुना एक भाग व धुतलेली वाळू दोन भाग घाणीत मळावी. ओल राहणाऱ्या जागी निम्म्या वाळूऐवजी विटांची सुरखी घालावी. गुळाचे पाणी व बेलफळाचा गर मिसळण्याची जुन्या गवंड्यांची रीत आहे. साध्या पौळीसाठी तो खर्च करण्याचे कारण नाही.

इंग्लंडच्या दक्षिण भागात चकमकीच्या दगडांच्या भिंती अशाच चुन्यात बांधलेल्या आहेत. चकमक पाणी शोषीत नाही. आपला काळा दगडही फारच थोडे शोषतो. म्हणून चुना पातळ करू नये व दिवसाकाठी दोनतीन थरांहून अधिक चढवू नये. दर दोन हातांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा. चिपा आतून ठोकाव्यात. बाहेरून ठोकलेल्या चिपा गळून पडतात. पायालगत पाणी जाण्यास भोके ठेवावीत, माथा दोन्हीकडे उतरता करावा.

हे काम दिवाळीनंतर काढावे. कडक उन्हात चुना वाळतो, पण धरत नाही. त्यासाठी भरलेल्या दरजांवर पंधरा दिवस ओले गोणपाट टाकून ठेवावे.