गिनीत बंदुकीनंतरची निवडणूक आणि आपल्याकडे प्रशासकानंतरची

येत्या १५ जानेवारीला अमरावती आणि अकोला महानगरपालिकेसाठी मतदान आहे. त्याच्या अडीच आठवडे आधी, २८ डिसेंबर २०२५ ला, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी या देशात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. कुठे गिनी आणि कुठे वऱ्हाड, असे कुणालाही वाटेल. पण गेल्या महिन्यात वस्त्यांमधल्या बैठकांत आम्हाला तरुणांकडून एकच प्रश्न वारंवार ऐकू आला. "नगरसेवक नव्हते तरी नळाले पाणी येतच होतं नं, मंग मतदान कायले करा?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला गिनी आठवला.

गिनीत काय झाले?

गिनी हा १९५८ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झालेला देश. जमिनीत बॉक्साइट आणि लोहखनिज भरपूर, पण जनता गरीब. २०१० मध्ये निवडून आलेले अल्फा कोंडे यांनी २०२० मध्ये राज्यघटना बदलली आणि तिसऱ्यांदा सत्ता घेतली. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. ५ सप्टेंबर २०२१ रोजी कर्नल मामाडी डुम्बुया यांच्या सैनिकांनी कोंडे यांना पकडून सत्ता ताब्यात घेतली. तेव्हा राजधानी कोनाक्रीत लोकांनी जल्लोष केला होता, हे लक्षात ठेवा.

त्याच महिन्यात लष्कराने एक सनद जाहीर केली. ही व्यवस्था तात्पुरती आहे आणि सत्तेत बसलेल्यांपैकी कुणीही पुढची निवडणूक लढवणार नाही, असे त्यात लिहिले होते. पुढे २०२४ अखेरपर्यंत सत्ता सोडण्याची मुदत ठरली. ती मुदत टळली. मोर्चांवर तर २०२२ पासूनच बंदी होती. प्रमुख विरोधी पक्ष निलंबित झाले, काही नेते परदेशात गेले, दोन नामवंत कार्यकर्ते जुलै २०२४ पासून बेपत्ता आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन राज्यघटनेवर सार्वमत झाले. तिच्यात लष्करी सत्ताधाऱ्यांवरची बंदी उरली नाही आणि राष्ट्राध्यक्षाची मुदत सात वर्षे झाली. मग डुम्बुया स्वतःच उभे राहिले आणि अधिकृत निकालानुसार ८६ टक्क्यांहून अधिक मते घेऊन जिंकले.

म्हणजे मतपेट्या होत्या, रांगा होत्या, निकालही लागला. फक्त निवड करायला फारसे काही शिल्लक नव्हते.

आपल्याकडे काय झाले?

आपल्याकडे उठाव झाला नाही, हे आधीच स्पष्ट करतो. प्रशासकाला लष्करशहा म्हणणे चुकीचे आहे आणि तसे म्हटल्याने आपलाच मुद्दा कमकुवत होतो. पण निवडून न आलेल्या हाती सत्ता 'तात्पुरती' गेली आणि ती तिथेच राहिली, एवढे साम्य मात्र आहे.

अमरावतीत ८७ आणि अकोल्यात ८० नगरसेवक २०१७ मध्ये निवडून आले. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. संविधानाच्या कलम २४३-यू नुसार महानगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असते, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यावी लागते. ती झाली नाही. आयुक्तच प्रशासक झाले. सर्वसाधारण सभा आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडे गेले. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच आणि अंमलबजावणी करणारेही तेच.

याची सुरुवात ओबीसी आरक्षणाच्या वादातून झाली आणि त्यात वऱ्हाडही होता. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी खटल्यात निकाल दिला. स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण ठेवायचे तर आधी आयोग नेमा, मागासलेपणाची माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका, या तीन अटी लागू झाल्या. अकोला आणि वाशीम जिल्हा परिषदेतील ओबीसी जागांवरची निवड रद्द होऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये पोटनिवडणुका झाल्या. त्यानंतर बांठिया आयोग आला, सरकार बदलले, सदस्यसंख्या आणि प्रभागरचना बदलली, पुन्हा न्यायालय, पुन्हा 'जैसे थे'. निवडणुका थांबवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले होते. शेवटी ६ मे २०२५ च्या आदेशाने मार्ग मोकळा झाला आणि ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत मिळाली. आरक्षण हवेच. पण आरक्षणाचा घोळ मिटेपर्यंत प्रतिनिधित्वच बंद, यात नुकसान ओबीसींचे आणि आपले दोघांचेही झाले.

काय बिघडले?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. नळाला पाणी येत होते, हे खरे. पण पावणेचार वर्षांहून अधिक काळ अनुसूचित जातींसाठी राखीव असलेली एकही जागा भरलेली नव्हती. महिलांसाठीच्या निम्म्या जागाही रिकाम्या होत्या. दलित वस्तीचा निधी कुठे वळला, रमाई घरकुलाचे हप्ते का अडकले, कर का वाढला, हे सभागृहात उभे राहून विचारणारा माणूसच नव्हता. आम्ही एका वस्तीतल्या नालीसाठी निवेदने दिली. पोच मिळाली, उत्तर नाही. नगरसेवक असता तर काम झालेच असते, असा आमचा दावा नाही. पण त्याच्या दारात बसता आले असते, पुढच्या वेळी पाडू असे म्हणता आले असते. अधिकाऱ्याला पाडता येत नाही. त्याची बदली होते, एवढेच.

जिल्हा परिषदांचे चित्र अजून बदललेले नाही. अमरावतीत मार्च २०२२ पासून आणि अकोल्यात जानेवारी २०२५ पासून प्रशासक आहेत. ग्रामीण भागातील शाळा, दवाखाने, अंगणवाड्या त्यांच्याच हाती आहेत. महानगरपालिकेचा निकाल लागला की हा विषय विसरून चालणार नाही.

बाबासाहेबांचा इशारा

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, व्यक्तिपूजेतून शेवटी हुकूमशाही येते. कोनाक्रीतल्या जल्लोषानंतर काय झाले, ते आपण पाहिलेच. दुसरी, संसदीय रीत आपल्याला परकी नाही. भिक्खू संघात बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती आणि गुप्त मतदानाचेही नियम होते. म्हणजे सभेत बसून, प्रश्न विचारून, मत मोजून निर्णय घेणे हा आपला धम्मवारसा आहे. एकट्याने ठरवून बाकीच्यांना कळवणे त्यात बसत नाही.

मग करायचे काय?

एक, मतदार यादीत आपले आणि शेजाऱ्यांचे नाव, प्रभाग आणि केंद्र आजच तपासा. अनेकांचे केंद्र बदललेले असते.

दोन, आपले प्रभाग बहुसदस्यीय आहेत. चार जागा असतील तर चार मते द्यायची आहेत. एकच बटण दाबून बाहेर पडू नका. घरातल्या ज्येष्ठांना हे आधी समजावून सांगा.

तीन, मत मागायला येणाऱ्याला प्रशासक काळातल्या खर्चाबद्दल विचारा. त्या काळात आपल्या वस्तीसाठी झालेले ठराव माहिती अधिकारात मागवा. निवडून येणाऱ्याला पहिल्याच सभेत ते मांडायला लावा.

चार, पैसे घेऊन मत दिले की प्रश्न विचारण्याचा हक्कही विकला जातो. वस्तीत हे स्पष्ट बोला, लाजू नका.

गिनीतल्या मतदारापुढे खरा पर्याय नव्हता. आपल्यापुढे आहे. तो वापरला नाही, तर पुढच्या वेळी निवडणूक लांबली तरी कुणाला काही वाटणार नाही, आणि तेव्हा तक्रार करायला आपल्याला तोंड राहणार नाही. १५ तारखेला सकाळीच केंद्रावर भेटू.

जय भीम!